बिनफोडणीचे दिवस

भूमध्य समुद्र कुठे आहे ते मी दरवर्षी वर्गात नकाशावर पट्टीनं दाखवते. तो उठून माझ्या ओट्यावर येईल असं काही वाटलं नव्हतं. आमच्या गावाला एक समुद्र आहे आणि तो पुरेसा आहे. त्यात मासळी आहे, चिखल आहे, रेवसच्या धक्क्याला लागणारी लाँच आहे. दुसरा समुद्र मागितला होता कोणी? पण आला. माणसाच्या घरात एकदा डॉक्टर शिरला की त्याच्या मागून काय काय शिरेल ते सांगता येत नाही.

झालं असं, की सासूबाईंच्या छातीत दुखलं. अलिबागला नेलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं आणि नवऱ्याला व मला आत घेऊन पाढा वाचला. मासळी बंद, मटण बंद, सुकी मासळी बंद, नारळ बंद, तळण बंद, मीठ निम्मं. महिन्याभरानं पुन्हा तपासू. फरक पडला तर गोळ्यांवर भागेल, नाही तर मुंबईला न्यावं लागेल, आणि या वयात तिथं पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. हे शेवटचं वाक्य ते आमच्याकडे न बघता, पेनाचं टोपण लावत बोलले. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं, गॅस झालाय.

आता आमच्या घरात मासळी चुलीवर चढत नाही ती सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला, श्रावणात आणि सुतकात. एरवी सासूबाईंना ताटात म्हावरं दिसलं नाही तर त्या ताटाकडे अशा बघतात, की ताटालाच लाज वाटावी. मागच्या वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "आजी, मीठ सोडा." घरी येऊन त्यांनी मीठ सोडलं नाही, जेवणच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. शेवटी नवऱ्यानं हातापाया पडून सोड्याचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण भरवलं तेव्हा उठल्या. म्हणून यंदा नवरोबांनी फर्मान काढलं, की आईला बंदीचं सांगायचंच नाही. आपणच सगळ्यांनी हलकं खायचं ठरवलंय म्हणायचं. "आपणच सगळ्यांनी" हे कोण बोलतंय, तर जो माणूस दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मटणाच्या रश्श्यात पाव बुडवतो तो. आणि घरात हलकं रांधायचं कोणी? सकाळची शाळा करून, पेपरांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन येणाऱ्या बाईनं. अर्थात.

तर या घोळात धाकटे भावजी उतरले. ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहेत. जगातल्या सगळ्या बंदरांवरचं खाऊन आलेला माणूस, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एक पदार्थ असतो. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. कधी दुखलं, किती दुखलं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, भूमध्य समुद्राकडचे लोक बघा. नव्वदीची म्हातारी टोपली घेऊन डोंगर चढते. मी पाहिलंय. त्यांच्यासारखं जेवण देऊ आईला. मासळीशिवायचं. वीस मिनिटांत होतं, मी पाठवतो."

मी म्हटलं, "भावजी, त्यांच्या समुद्रात मासळी नाही होय?"

"आहे हो. पण आपल्याला ती वगळायचीय ना?"

वगळायचीय. म्हणजे बाकी उरलं काय, तर चणे आणि लिंबू. हे मी मनात म्हटलं. भावजींवर रागावता येत नाही, माणूस लाघवी आहे.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांचे आवाजातले निरोप मोबाइलवर धडाधड यायला लागले. लिहून पाठवा म्हटलं तर म्हणे लिहिताना चव येत नाही. मोबाइल मी मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा करायचे आणि भावजी बोलायचे. "वहिनी, काबुली चणे रात्री भिजवलेत ना? कुकरला चार शिट्ट्या जास्त द्या, पीठ झालं पाहिजे. तीळ भाजा. भाजा म्हणजे करपवू नका. लसूण, लिंबू, मिक्सर. आता तेल वरून, कच्चं. फोडणी नाही. वहिनी, मी ओळखतो तुम्हाला, कढईकडे बघू नका. फोडणी नाही!" माझा हात खरोखरच मोहरीच्या डब्यावर असायचा.

फोडणी नाही, हळद नाही, तळण नाही, खोबरं नाही. वर कच्चं तेल. बाटलीवरचं इंग्रजी नाव सासूबाईंनी वाचायचा प्रश्नच नव्हता, पण वास घेऊन त्यांनी विचारलं, "ह्ये कसलं गो?" मी म्हटलं, "पायाला चोळायचं नाही, खायचं आहे." त्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

आता राहिली मासळीवाली. ती दर बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्या दारात पाटी उतरवते आणि "आई, बोंबील आनलेत" अशी आरोळी ठोकते. ती आरोळी सासूबाईंच्या कानावर गेली की संपलं. म्हणून मी तिला बस थांब्यावर गाठलं. म्हटलं, "हे बघ, महिनाभर आमच्या दारात हाक मारू नकोस. आणि सासूबाईंशी एक अक्षर बोलू नकोस." तिनं माझ्याकडे बघितलं. पाटी डोक्यावर तशीच, एक हात छातीवर नेला आणि हळूच म्हणाली, "बरं गो बाई. मी कशाला बोलते?" पुढं एक प्रश्न नाही की खोदून चौकशी नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत असं समजूतदार माणूस शोधून सापडायचं नाही. तेव्हापासून ती आमच्या घरावरून मान खाली घालून, बांगड्यासुद्धा न वाजवता जायला लागली.

त्याच आठवड्यात भावजींचा फोन आला, की जहाज आता लांबच्या पल्ल्याला निघतंय. जहाज जुनं, मालक चिकट. मध्ये पुष्कळ दिवस रेंज नसेल. "आईला हे सांगू नका. लांबचा पल्ला म्हटलं की तिचा जीव खालीवर होतो. डॉक्टरनं काय सांगितलंय माहीत आहे ना?" एरवी ते दर रविवारी न चुकता आईला फोन करतात. आता रविवारी फोन नाही आला तर काय सांगायचं? "कामात आहे म्हणा." ठीक. म्हणजे घरात आता दोन गुपितं. बंदीचं एक, पल्ल्याचं एक. दोन्हींची राखण माझ्याकडे, कारण नवऱ्याला खोटं बोलायला लावलं की तो आधी खाकरतो.

निघण्याआधी भावजींनी शेवटचा मोठा निरोप पाठवला. चण्याची ती चटणी मला जमत नव्हती, चुन्यासारखी कोरडी व्हायची, म्हणून ती पुन्हा नीट सांगितली. चणे गरम असतानाच वाटा, बर्फाचा एक खडा टाका, वगैरे. शेवटी म्हणाले, "आणि वहिनी, आईला सांभाळा. तिला काही कळू देऊ नका."

मग सुरू झाला माझा संसार भूमध्य समुद्राशी. सकाळी शाळेला जायच्या आधी चणे, दुपारी आल्यावर वांगं. आपण भरीत करतोच की, पण नाही, हे वेगळं. वांगं गॅसवर भाजायचं, सोलायचं, दही आणि लसूण घालून घोटायचं आणि मग जिथं आपण कढईत तेल तापवतो नेमकं तिथं थांबायचं. ऐन वेळी थांबायचं, हाच त्या जेवणाचा सगळा मंत्र. मसूर शिजवायचे आणि त्यात लिंबू पिळून थांबायचं. लापशीचा रवा वाफवायचा, मूठ मूठ कोथिंबीर, टोमॅटो, काकडी आणि आपला पांढरा कांदा बारीक चिरून मिसळायचा आणि थांबायचं. कडवे वाल मोड आणून, सोलून, हे एवढं निगुतीनं करायचं आणि लसूण-लिंबू लावून गार खायचे! वालाचं बिरडं न करता वाल खाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं होतं. त्यात कांदा चिरताना यायचंच, पदरानं डोळे पुसत मी पुढचा निरोप ऐकायचे. पीठ लागलेल्या हातानं मोबाइलवर कुठं तरी बोट पडायचं, निरोप पुन्हा पहिल्यापासून सुरू. चण्याचा तो शेवटचा तर मी किती वेळा वाजवला असेल त्याला गणती नाही.

पण खरं सांगते, जमायला लागलं. वीस मिनिटांत जेवण तयार, भांडी कमी, ओट्यावर तेलाचा थेंब नाही. तांदळाच्या भाकरीला ती चण्याची चटणी अशी लागते की नवऱ्यानं नाक मुरडायच्या आधी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग मुरडलं. "बरं आहे," म्हणाला, "आजारी माणसाला बरं आहे." आता तिसरी भाकरी खाणारा हा माणूस आजारी होता की काय?

आणि सासूबाई! काय सांगू? पहिल्या दिवशी मी लढाईच्या तयारीनं ताट वाढलं. त्यांनी ताटाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं, तो खाकरला. माझ्याकडे बघितलं, मी हसले. "आजपासून सगळेच हलकं खाणार आहोत आई." त्यांनी भाकरी मोडली आणि जेवल्या. बुधवार गेला, शुक्रवार गेला, रविवार गेला. "म्हावरं कुठाय?" असा शब्द नाही. शेजारणीकडून कोळंबीच्या वाटपाचा वास आला तरी मान वर नाही. मी वाढायचे, त्या जेवायच्या. एकदा तर म्हणाल्या, "चांगलं झालंय गो." लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, या बाईनं माझ्या हाताला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. माझा आनंद गगनात मावेना.

बाकीही फरक दिसायला लागला. आधी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा, तो बंद झाला. संध्याकाळी पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घ्यायच्या, ते सोडलं. आतच बसून राहायच्या, शांत. देवाला दिवा त्याच लावायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. तो लावेनाशा झाल्या. मी म्हटलं गुडघे दुखत असतील, मीच लावायला गेले, तर माझ्याकडे असं चमकून बघितलं! पहिल्या रविवारी विचारलं, "पोराचा फोन?" नवरा खाकरला. मी म्हटलं, "कामात आहेत आई, खूप काम आहे." पुढच्या रविवारी त्यांनी विचारलंच नाही.

मी शिक्षकांच्या खोलीत भाषणं ठोकायला लागले. फोडणी म्हणजे रक्तदाब, म्हटलं. माणसाचा स्वभाव अन्नानं बदलतो, आमच्या घरी येऊन बघा. पनवेलला मोठ्या नणंदबाईंना फोन केला. त्या कायम मला शिकवतात, म्हटलं आता यांना दाखवावं. "ताई, या एकदा. आई ओळखू येणार नाहीत तुम्हाला." या वाक्याचा मला आजही पश्चात्ताप होतो, पण तेव्हा मी हवेत होते.

नणंदबाई आल्या. मी त्या दिवशी खास बेत केला होता. चणे, वांगं, लापशीची कोशिंबीर आणि शेवटी गोड. डॉक्टरांनी गोडाला बंदी केलेली नव्हती. भावजींनी सांगितल्याप्रमाणे दही फडक्यात टांगून घट्ट केलं, त्यात भिजवलेली अंजिरं, अक्रोड, वरून मध. इतक्या दिवसांनी घरात गोड. नणंदबाई दारातून आत आल्या, आईला बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. "आई गं, किती उतरलीस!" म्हणत गळ्यात पडल्या. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. फिरवतच राहिल्या. म्हणाल्या, "तू आलीस ते बरं केलंस. आज यायलाच पायजे."

पानं वाढली. मी गोडाची वाटी सासूबाईंच्या ताटात ठेवली, तशा त्या उठल्या. वाटी घेतली, एक भाकरी घेतली, त्यावर चण्याची चटणी घेतली आणि मागच्या दारानं परसात गेल्या. आम्हाला वाटलं, हात धुवायला. यायला वेळ लागला म्हणून नणंदबाई आणि मी खिडकीपाशी गेलो.

परसातल्या दगडी गडग्यावर त्यांनी केळीचं पान मांडलं होतं. पानावर भाकरी, चटणी, ते दही. पदर डोक्यावरून घेऊन, हात जोडून उभ्या होत्या. समोर माडाच्या झावळीवर एक कावळा बसला होता, मान वाकडी करून पानाकडे बघत होता आणि खाली उतरत नव्हता. सासूबाई त्याच्याशी बोलत होत्या. "ये बाबा. शिव. म्हावरं न्हाय केलं रे यांनी, मी काय करू? तुला म्हावरं लागतं, मला ठावं हाय. पन आज एवढं खा. तुझी आई सांगते, खा."

नणंदबाईंना काही कळेना. मला कळलं. मी बोटांवर मोजायला लागले. पहिलं बिनमासळीचं ताट वाढलं त्या दिवसापासून आजचा तेरावा.

मी धावत बाहेर गेले. "आई! अहो आई, हे कोणाचं?"

त्या वळल्या. चेहरा कोरडा होता. "शिवत न्हाय गो," मला म्हणाल्या. "पोराचा जीव अडकलाय. तू सांग त्याला. तुझं ऐकायचा."

तिथंच, त्या गडग्यापाशी, तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. घरात म्हावरं बंद झालं तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. फोडणीसुद्धा नाही. मासळीवाली मान खाली घालून जाते. मोठा मुलगा नजर देत नाही. रविवारचा फोन बंद झाला. आणि मी, सून, स्वयंपाकघरात डोळे पुसत पुन्हा पुन्हा त्याचा जुना आवाज ऐकते, ज्याच्या शेवटी तो म्हणतो, आईला सांभाळा, तिला काही कळू देऊ नका. आपल्या छातीत दुखलंय म्हणून पोरं धाकट्याचं जाणं आपल्यापासून लपवतायत, असं त्यांनी धरलं. मग त्यांनीही दिवा बंद केला, डोक्याला तेल लावणं बंद केलं, कोणाच्या दारात गेल्या नाहीत. पाण्यात गेलेल्या पोराचं सुतक त्या एकट्या पाळत होत्या, आमच्या नाकासमोर. आज तेरावं. लेक आली. गोड झालं. आणखी काय पुरावा पाहिजे होता?

"आई, भावजी जिवंत आहेत हो!" मी ओरडलेच. "खुशाल आहेत. रेंज नाही, एवढंच!"

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "व्हय," म्हणाल्या. "व्हय गो." लहान मुलाची समजूत काढावी तशा. एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. का ठेवतील? इतके दिवस मी खोटंच बोलत होते की.

नवऱ्याला कंपनीतून बोलावलं. त्यानं जहाजवाल्यांच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. ज्या माणसाला साधं गॅस सिलिंडरसाठी चढ्या आवाजात बोलता येत नाही, तो त्या दिवशी असा ओरडला की पलीकडच्या बाईनं सॉरी म्हटलं. जहाजावर निरोप गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सासूबाईंनी अन्नाला हात लावला नाही, पाणी तेवढं घेतलं. नणंदबाईंनी देवापुढं बसकण मारली. मी घडीघडी खोलीत डोकवायचे, त्यांचा श्वास बघायचे आणि परत यायचे. डॉक्टरांचं ते पेनाचं टोपण माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. हृदय वाचवायला निघाले होते मी. चणे वाटून.

दुपारी फोन वाजला. लांबलचक अनोळखी नंबर. नवऱ्यानं स्पीकर लावून आईपुढं धरला.

"आई?"

त्यांनी हातानं फोन दूर सारला. "नका रे वाजवू. रोज ऐकते मी."

"आई, काय वाजवू? मी बोलतोय. आई?"

त्या थबकल्या. फोनकडे बघत राहिल्या. मग जवळ वाकून, ओठ अगदी फोनला लावून म्हणाल्या, "खरा असशील तर मी म्हनते ते म्हन. म्हन, आई, मी मेलो न्हाय."

त्या फोनला बोललेलं पोचायला वेळ लागतो. नुसती खरखर आली. खोलीत कोणी हलेना. सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली होती आणि त्यांच्या हाताची शीर उडताना मला दिसत होती.

"आई," आवाज आला, आणि तो धड नव्हता, "आई, मी मेलो नाही गं."

मग त्या रडल्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. नवरा रडला, नणंदबाई रडल्या, तिकडे भावजी रडत होते आणि मागून कोणी तरी परक्या भाषेत त्यांना काय झालं ते विचारत होतं. सासूबाईंच्या ओठावर त्यांची नेहमीची "मेल्या" ही शिवी आली, मला दिसली, आणि त्यांनी ती गिळली. "जेवलास का रे?" एवढंच विचारलं. आणि वर, "आनि दर रविवारी फोन कर, समुद्र असो न्हायतर काय असो."

फोन ठेवल्यावर नवऱ्यानं सगळं कबूल केलं. छातीचं, डॉक्टरचं, बंदीचं, महिन्याच्या मुदतीचं. खाकरला नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय? मंग सांगायचं की. माझ्या छातीसाठी हाय तर खाईन मी. वाईट न्हाय ते. त्या वांग्यात लसूण कमी घाल."

दोन्ही भावंडं हसायला लागली, रडता रडता. मला हसू येईना. ती दोघं बाहेर गेली तशी मी सासूबाईंच्या पायाशी बसले. मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं, पण आला होता. इतके दिवस माझ्यासमोर बसून ही बाई पोटच्या पोराच्या सुतकाचं जेवत होती आणि चांगलं झालंय म्हणत होती. मी म्हटलं, "आई, एकदा, एकदा मला विचारायचं तरी!"

"इचारनार व्हते गो," त्या म्हणाल्या. "रोज इचारनार व्हते. आनि तू व्हय म्हटलं असतंस तर?"